समुद्रसपाटीची वाट

रसिका मेतर समुद्रातल्या सहली आखायची, आणि तिच्या आखणीत शेवटचा दिवस नेहमी कोरडा असायचा. अंदमानातल्या सीपी टापूवर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं डाइव्ह सेंटर होतं. पाहुणे विमानाने येत, चार-पाच दिवस प्रवाळांमध्ये बुड्या मारत आणि शेवटच्या दिवशी तोंड पाडून किनाऱ्यावर बसत. "मॅडम, एवढ्या लांबून येऊन आम्ही वाळूत काय करायचं?" असं दर खेपेला कुणीतरी विचारायचंच. रसिका त्यांच्या हातात शहाळं द्यायची आणि म्हणायची, "उद्या विमानात धड बसायचंय ना? मग आज इथे बसा."

कारण साधं होतं. पाण्याखाली माणूस दाबाखालची हवा घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत मुरत जातो. सावकाश वर आलं, की तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे जागच्या जागी बुडबुडे होतात. मग ते गुडघा धरतात, पाठीचा कणा धरतात, कधी मेंदू. विमान वर चढतं तेव्हा आतला दाब उतरतो, म्हणजे विमानात बसणं हेही पाण्यातून आणखी वर येण्यासारखंच. म्हणून कोरडा दिवस.

हौशी पाहुण्यांचं एवढ्यावर भागायचं. पण काही जण टेक्निकल डाइव्हर असत. पाठीवर दोन टाक्या, बगलेत आणखी दोन, असा बोजा घेऊन खोलवर बुडालेलं एखादं जहाज बघायला जाणारे. त्यांच्या बुड्या आखणं हा रसिकाचा जीव की प्राण. कुठल्या खोलीला कुठला वायू, भरती-ओहोटीच्या मधली कुठली घटका शांत, वर येताना दोराला धरून कुठे किती वेळ लटकायचं. तेवढा वेळ डोक्यावर एक न दिसणारं छत असतं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांगत असतो, की या खोलीच्या वर इतक्यात यायचं नाही. लवू त्याचीही थट्टा करायचा. "सदा छताखाली रवणारो माणूस मी, माका आणि घर कशाक होया?"

लवू म्हणजे लवेश, तिचा नवरा. दोघंही मालवणची, तारकर्लीला एकत्रच बुडी मारायला शिकलेली. लग्नानंतरही ती त्याला अरे-तुरे करायची, आणि सासूला ते कधीच पटलं नाही. लवू पाहुण्यांना घेऊन पाण्यात उतरायचा, रसिका वर राहून आखायची. तिने आखावं आणि त्याने डोळे मिटून तसंच करावं, असा तो संसार. फक्त एक नियम तिच्या आखणीपेक्षा मोठा होता. कुणीही, कधीही, कारण न सांगता बुडी मोडू शकतो. नुसता अंगठा वर दाखवायचा. अंगठा दिसला की वाद नाही, प्रश्न नाही, नंतरची धुसफूस नाही. सगळ्यांनी निमूट माघारी यायचं.

मग गाळणी आली.

त्या औषधाचं खरं नाव लांबलचक होतं, बेटावर सगळे गाळणीच म्हणत. बुडीआधी दंडात टोचायची एक सुई. तिच्यात रेणूंचे कोट्यवधी पोकळ पिंजरे, आणि प्रत्येक पिंजरा नायट्रोजनला आत ओढून कोंडून ठेवणारा. बुडबुडा व्हायला नायट्रोजन मोकळा सापडूच द्यायचा नाही, एवढीच ती करामत. दोराला लटकणं गेलं, छत गेलं, कोरडा दिवस गेला. आठवड्याभरात पिंजरे लघवीवाटे निघून जात. चाचण्या रीतसर झाल्या होत्या, परवानग्या रीतसर मिळाल्या होत्या. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण नंतर जो तो फसवणाऱ्याला शोधत बसला.

रसिकाने आखणीतून कोरडा दिवस पुसून टाकला. आठवड्याची सहल तीन दिवसांवर आली. सकाळी उतरलेला पाहुणा दुपारी खोल पाण्यात, आणि बघता बघता परतीच्या विमानात. बेटावर गर्दी मावेना. पाहुणा वर्षातून दोन-तीन दिवसांपुरती सुई घ्यायचा. लवू रोज घ्यायचा. चाचण्या झाल्या होत्या त्या पाहुण्यांसारख्या माणसांवर. रोज टोचून घेऊन रोज बुडणारा माणूस कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. रसिकाच्याही नाही, आणि तो तर तिच्याच घरात राहत होता.

एकदा जेवताना लवूने ताटावर बसल्या बसल्या अंगठा वर केला. "उद्या नको गो. अंग जड झाला हा."

दुसऱ्या दिवशी परदेशातून मोठा गट यायचा होता. "रे, हयसर पाणी नाय, ताट हा," रसिका हसून म्हणाली. "भात घे."

तोही हसला. भात घेतला, आणि सकाळी पाण्यात उतरला.

त्या वर्षी चतुर्थीला दोघं मालवणला निघाली. विमान ढगांत शिरत होतं तोच लवू गुडघे पोटाशी घेऊन असा ओरडला, की पुढच्या रांगेतली बाई रडायला लागली. विमान माघारी फिरलं. पोर्ट ब्लेअरच्या चेंबरमध्ये, म्हणजे आतला दाब वाढवता येतो अशा लोखंडी खोलीत ठेवून त्याला वाचवलं. तिथले डॉक्टर हालदार बुडीमारांवरच उपचार करण्यात म्हातारे झाले होते. त्यांनी रसिकाला समोर बसवलं.

"रोज सुई घेणाऱ्या माणसातून पिंजरे निघून जात नाहीत. चरबीत, मज्जेत, नसांच्या आवरणात जाऊन बसतात. भरलेले. बाहेरचा दाब उतरला, की सगळ्यांची दारं एकदम उघडतात."

"काढता येत नाहीत?"

"आजतरी नाही. तुम्हाला छत म्हणजे काय ते सांगायला नको. याचं छत आता हवेत आहे. साधारण सहाशे मीटरवर. त्याच्या वर हा माणूस जाऊ शकणार नाही."

रसिकाला हायसं वाटलं. विमान नाही तर नाही. किनाऱ्यावरच्या माणसांना डोंगर चढायचाय कशाला? डॉक्टरांना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"पिंजरे जुने होतात, रसिकाजी. त्यांची पकड सैल होत जाते. छत खाली येत राहणार."

"कुठपर्यंत?"

डॉक्टरांनी मान वळवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि खिडकीबाहेर समुद्र होता.

टापूवर परतल्यावर लवूचं दुखणं सुरू झालं. खांदे, कोपर, कंबर. बंगालच्या उपसागरात कुठे वादळ घोंगावलं, की हवेचा दाब उतरल्याचं त्याला आधी कळायचं, हवामान खात्याला नंतर. आता दुखायला लागलं की बुडीमार काय करतो? खाली जातो. दाब वाढला की बुडबुडे आकसतात, कळ थांबते. हे त्याला शिकवावं लागत नाही. लवू रोज सकाळी नवशिक्यांना घेऊन उथळ पाण्यात जायला लागला, सुई न घेता, आणि वर यायचा तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झालेला असायचा. या बुड्याही रसिकाच आखायची. नवरा हसताना दिसतो म्हणून तिने मुद्दाम एकाच्या दोन केल्या.

वर्षाने डॉक्टरांनी छत मोजलं. चारशेच्या आसपास असेल अशी त्यांची अटकळ होती. निघालं दीडशे.

"हा पाण्यात जातो?" त्यांनी विचारलं.

"उथळ," रसिका म्हणाली. "त्याला बरं वाटतं."

"बरं वाटणारच. दर बुडीला रिकामे झालेले पिंजरे पुन्हा भरतात. कळ थांबते आणि छत उतरतं." त्यांनी फाइल मिटली. "आजपासून पाणी बंद. तरीही वर्षभरात छत जमिनीला टेकेल. मग याला चेंबरमध्येच राहावं लागेल, कायमचं."

रसिकाला रडूसुद्धा आलं नाही. तिला स्वतःची इतकी चीड आली होती, की तिथे दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. माया म्हणून जे केलं त्याने नवऱ्याचं आकाश ओढून खाली आणलं होतं. परतीच्या बोटीत लवू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. उलट त्यानेच तिची समजूत काढल्यासारखं झालं, आणि त्याने तिला आणखीच वाईट वाटलं.

मालवणहून त्याच्या आईचा फोन यायचा. आये आता अंथरुणालाच होती. "लवू, दोन चतुर्थ्यो गेल्यो, शिगमो गेलो. कधी येतलंस? माका दिसाक कमी झाला हा, पण तुझो पाय दारात वाजलो तर कळतलो."

"येतंय आये," लवू म्हणायचा. फोन ठेवला की खूप वेळ पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत बसायचा. असाच एकदा तो रसिकाला म्हणाला, "माका घराक ने. छत टेकाच्या आधी एकदा आयेक बघतंय. मगे चेंबरात घाल, नायतर खंय घाल."

रसिकाने आखायला घेतलं. आयुष्यातली तिची सगळ्यात चांगली आखणी तीच. आजवर खोली मोजली, आता उंची मोजायची. चेन्नईपर्यंत जहाज, त्यातही सगळ्यात खालचा डेक. तिथून सरळ पश्चिमेला गेलं तर पठार आडवं येतं, म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला, तंजावर, तिरुनेलवेली करत देशाच्या टोकाला वळसा, आणि मग केरळातून वर मंगळूर, कारवार, कुडाळ. महिना थंडीचा, हवेचा दाब चढा असतो तेव्हाचा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती कोण कशाला वाचतो? रसिकाने वाटेतल्या एकूण एक स्टेशनची वाचून काढली. जिथे रूळ चढत होते तिथे दुसरे रूळ शोधले.

आणि खरंच, वाट जमली. जहाजात समुद्र तेलासारखा शांत होता. गाडीत लवू खिडकीला नाक लावून प्रत्येक पाटी वाचायचा, आणि उंची एक आकडी असली की लहान पोरासारखा तिला कोपराने ढोसायचा. मनगटावर जुना डाइव्ह कॉम्प्युटर होता. त्यात खोलीऐवजी उंची दिसत होती. कारवारच्या पुढे त्याने मालवणी मसाल्याचं काहीतरी खायला मागितलं. किती महिन्यांनी त्याने आपणहून काही मागितलं होतं. रसिकाला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट झालं.

दोघं मालवणच्या घरी पोचली तेव्हा ऊन दारापुढच्या खळ्यात आलं होतं. वैनी, म्हणजे लवूच्या थोरल्या भावाची बायको, दारातच उभी होती. आत आयेची खाट रिकामी होती. वाकळ घडी घालून उशाशी ठेवलेली होती.

"आयेक कोल्हापुराक हलवल्यानी," वैनी म्हणाली. "श्वास घेवक जमत नाय."

"कधी?"

"परवा."

"मग फोन कित्याक नाय केलास?" रसिकाचा आवाज चढला.

वैनी गोंधळली. "तुमी वाटेत होतास. वाटेत असलेल्या माणसाक असा कोण सांगता?"

खरंच कोणी सांगत नाही. प्रवासातल्या माणसाच्या जिवाला घोर नको, घरी आला की सांगू, ही आपली रीत. रसिकाच्या आखणीत सगळी स्टेशनं होती, ही रीत नव्हती. कोल्हापूर घाटावर. साडेपाचशे मीटर.

थोरल्या भावाला, नीलेशला फोन लागला. "रे, गाडी कर नि ये. फोंड्याचो घाट चढलो की इलाच कोल्हापूर." त्याला छताचं सांगितलेलं होतं, एकदा नाही, पाचदा. पण हिंडता-फिरता माणूस घाट चढू शकत नाही, हे ऐकून कळण्यासारखं नव्हतं. रसिकाने तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून घेतलं. आई व्हेंटिलेटरवर आहेत, त्या म्हणाल्या. हलवलं तर वाटेतच जातील.

"चल," लवू म्हणाला. तो चपला घालून उभाच होता.

फोंडा मागे पडलं आणि रस्ता वळणं घ्यायला लागला. रसिका ड्रायव्हरशेजारी, लवू मागे. ती त्याच्या मनगटावरचा आकडा बघत होती. दीडशे गेले, काही झालं नाही. पिंजऱ्यांना गणित थोडंच येतं, तिला वाटलं, डॉक्टरही चुकू शकतात. पुढच्या वळणावर लवू बोलायचा थांबला. त्याच्या पुढच्या वळणावर त्याचे ओठ पांढरे पडले.

"रसिका," तो अगदी शांतपणे म्हणाला, "माझे पाय खंय गेले गो?"

तिने मागे हात घालून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. त्याला कळलं नाही.

"थांबव नको," तो म्हणाला. "आये अजून वळखता. वर गेल्यावर काय ता बघूया. आयकलंस? थांबव नको."

वर अजून सगळा घाट होता. रसिका सीटवर पूर्ण मागे वळली आणि तिने मूठ करून अंगठा दाखवला. पाण्यात तो वर असतो, कारण सुटका वर असते. इथे तिने तो खाली धरला.

लवू त्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याला भांडता आलं असतं, ड्रायव्हरला दटावता आलं असतं, ताटावरच्या त्या अंगठ्याची आठवण काढता आली असती. त्याने काही केलं नाही. डोळे भरून आले तेवढेच. नियम म्हणजे नियम.

"मागे फिरवा," रसिका ड्रायव्हरला म्हणाली.

घाटाखाली एका चहाच्या टपरीजवळ त्याला बाकावर निजवलं. पायात हळूहळू जीव आला. डाव्या पायात पुरता आलाच नाही. "तू जा," तो तिला म्हणाला. "तिका सांग, लवू इलो म्हणान. खाली हा म्हणान सांग."

रुग्णालयात आयेच्या तोंडात नळी होती. रसिका तिच्या कानाशी वाकली. "आये, लवू इलो हा. घाटाखाली थांबलो हा. तेका वर येवक जमत नाय."

आयेने मान हलवली नाही, पण तिचे डोळे रसिकावरून सरकून दाराकडे गेले आणि तिथेच थांबले. ती बघत नव्हती, तिला दिसत कुठे होतं. ती ऐकत होती. दारातून कुणीही आलं, नर्स आली, सफाईवाली आली, की तिच्या कपाळावर आठी पडायची आणि पुन्हा विरायची. आपला पाय वाजवून हिला फसवता आलं असतं तर किती बरं, असं रसिकाला वाटून गेलं.

"देशाक वळसो घालून इलो," नीलेश भिंतीकडे बघत म्हणाला, "नि हो एक घाट जमाक नाय तेका." रसिकाने पुन्हा सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, सबब सांगणाऱ्याचं ऐकतात तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आये गेली.

रुग्णवाहिका घाट उतरून टपरीजवळ आली तेव्हा रात्र टपरीतच काढलेला लवू रस्त्याच्या कडेला काठी धरून उभा होता. त्याला हात देऊन आत घ्यावं लागलं. तो आयेच्या पायांशी बसला आणि मालवणपर्यंत तिची पावलं हातात धरून राहिला. मधे एकदाच बोलला. "वर मीच येवक होया होतंय, नि तूच खाली इलंस."

अस्थी समुद्रात सोडायच्या दिवशी सगळे किनाऱ्यावर होते. नीलेश मडकं घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेला. लवूला कोरड्या वाळूत बसवलं होतं. तो उठला, काठी टाकली आणि सरळ पाण्यात चालत गेला. कमरेवरून पाणी छातीला, छातीवरून गळ्याला. मग डोकं दिसेनासं झालं. बायका ओरडल्या. रसिका ओरडली नाही. त्याचा श्वास किती टिकतो ते तिला ठाऊक होतं. ती साडीसकट पाण्याच्या काठापर्यंत धावली आणि थांबली.

तो वर आला, कडेला आला. चेहरा मोकळा झालेला. तिने तो चेहरा किती दिवसांत बघितला नव्हता.

"कळ थांबली गो," तो म्हणाला.

"लवू, डॉक्टरान काय सांगल्यान? छत उतरतला."

"उतरांदे." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "वर ठेवून करूचा काय? वर कोण हा आता माझा?"

रसिका त्याच्यासमोर, दोन हातांवर वाळूत उभी होती. तिचा हात उचलला गेला, मूठही वळली. अंगठा दाखवला असता तर तो बाहेर आला असता, एक शब्द न बोलता, घाटातल्यासारखाच. आणि मग वर्षभर वाळूत बसून राहिला असता, तिने आखलेल्या त्या कोरड्या दिवसांमध्ये. तिने मूठ सोडली.

संध्याकाळी ती तारकर्लीच्या जुन्या सेंटरवरून लवूसाठी एक टाकी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळचीच होती, वारा नव्हता, पाणी स्वच्छ राहणार होतं. आखणीच्या कागदावर तिने खोली लिहिली, तीन मीटर. वर यायच्या वेळेची जागा तिने मोकळी सोडली, ती लवूने ठरवायची होती.